उरलेलं पाखरू, उदंड झाड

भाची हवाईतल्या हिलोला शिकायला गेली आणि तिला भेटण्याच्या निमित्ताने मीही तिथे जाऊन आले. निमित्त हे निमित्तच. खरा डोळा होता तो कवाई बेटावरच्या अकिकिकी या पक्ष्यावर. करडी पाठ, पांढुरकं पोट, गुलाबीसर चोच, चणीने चिमणीहून बारका. जगातल्या सर्वांत दुर्मीळ गाणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. तो ज्या झाडांवर वावरतो ते ओहिआ मात्र त्या बेटांवर उदंड आहे. हवाईच्या मूळ जंगलाचा सुमारे ८० टक्के भाग एकट्या ओहिआचा. या दोघांना शेजारी शेजारी ठेवून बघताना जे उमगत गेलं ते इथे लिहिते आहे, सुचेल त्या क्रमाने.

१. दुर्मीळ काही पाहायला निघालेल्या माणसाला वाटेतलं काहीच दिसत नाही. अलाकाईच्या पठारावरच्या लाकडी फळ्यांच्या वाटेने चालताना माझी नजर सतत फांद्यांमधल्या फटींत. फांद्या कुणाच्या, हा प्रश्नच पडत नव्हता. ओहिआ ना, ते काय, सगळीकडेच आहे! फोटो नंतर पाहिले तर प्रत्येकात ते झाड कुठेतरी आडवं आलेलं, आणि दर खेपेला मी त्याच्यावर चरफडले होते. भाची वनस्पतिशास्त्राची. तिने शेवटी माझ्या गळ्यातली दुर्बीण काढून घेतली आणि म्हणाली, "मावशी, जरा खाली बघ की." पावलापाशी, दलदलीत, वीतभर उंचीचं झुडूप आणि त्याला लालभडक पुंकेसरांचा झुबका. हेही ओहिआच. थोड्या वेळापूर्वी ज्या शेवाळलेल्या बुंध्याला टेकून मी पाणी प्यायले, तोही ओहिआ. लाव्हा थंड होऊन दगड झाला की त्या काळ्या उजाड दगडावर जी झाडं पहिल्यांदा उगवतात, त्यांत हा असतोच. समुद्रकाठापासून अडीच हजार मीटर उंचीपर्यंत एकच झाड, कुठे घोट्याइतकं तर कुठे पंचवीस मीटर. फुलं बहुतेक लाल, पण पिवळी आणि केशरीही. ज्वालामुखीने विषारी वायू सोडला की पानांवरची रंध्रं मिटून घेतं, वारा फिरला की पुन्हा उघडतं. कुळ आपल्या ओळखीचं, जांभळाचं, पेरूचं, लवंगेचं. इतकं सगळं समोर उभं असताना मी फटींत बघत होते.

२. संकटात सापडलेला पक्षी देखणाच असणार, असं मी मनाशी धरून चालले होते. वाघ, माळढोक, सारस अशा पोस्टरांवर वाढलेली पिढी आमची. अकिकिकीचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा खरं सांगायचं तर मी थोडी हिरमुसले. त्याच रानात इईवी नावाचा शेंदरी पक्षी आहे, बाकदार चोचीचा, चित्रात काढावा असा. त्याच्यापुढे अकिकिकी म्हणजे कुणी रंगवायचं विसरून गेलेला. खोडावरून आणि फांद्यांवरून तुरुतुरु सरकत, सालीच्या भेगांतले किडे आणि कोळी टिपत दिवस काढायचा, एवढाच त्याचा उद्योग. सांगलीत आमच्या बागेत असा पक्षी ढिगाने असता तर मी त्याची वहीत नोंदही केली नसती. तो मला सुंदर दिसायला लागला तो संख्या वाचल्यावर. सौंदर्य म्हणून मी जे काही पाहत होते त्यात आकड्यांचा वाटा किती, याचा हिशेब अजून लागलेला नाही.

आणि हा बेरंगी प्राणी ज्या घराण्यातला, ते घराणं विलक्षण आहे. आशियातून रोझफिंचसारखे काही पक्षी लाखो वर्षांपूर्वी या बेटांवर पोचले. त्यांच्यापासून पन्नासहून अधिक जाती निपजल्या. कुणाची चोच पोपटासारखी, कुणाची आकड्यासारखी, कुणाची सुईसारखी. आज त्यांतल्या सतराच उरल्या आहेत. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा रोझफिंच म्हणजे त्यांचा लांबचा भाऊबंद. हे कळल्यापासून त्या पाहुण्याकडे मी जरा जास्त आदराने बघते.

३. "रान राखा, पक्षी आपोआप राहतील" हे वाक्य कवाईत लंगडं पडतं. आपल्याकडे पक्षी गेला की कारण बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतं. माळ नांगरला, तळं बुजवलं, देवराई तोडली. अलाकाईत झाड उभं आहे, त्यावरचं शेवाळ आहे, सालीतले किडे आहेत, पाऊस तर इतका की शेजारच्या वायअलेअले शिखरावर वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. फक्त पक्षी नाही. घर शाबूत आणि माणूस गेलेला, असा प्रकार.

कारण आहे डास. हवाईत मुळात डास नव्हतेच. १८२६ मध्ये माऊई बेटावरच्या लहाइना बंदरात एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून त्यांच्या अळ्या उतरल्या. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांच्या रक्तातून पक्ष्यांचा मलेरिया आला. माणसाला त्याची बाधा नाही. पण लाखो वर्षं डासांशिवाय राहिलेल्या या पाखरांना त्याचा मुकाबला ठाऊकच नव्हता. इईवीवर केलेल्या प्रयोगांत एका संसर्गी डासाचा चावा दहांतल्या नऊ पक्ष्यांना पुरला. सखल भागातले पक्षी आधी गेले. उरले ते उंचावरच्या थंडीत, कारण तापमान १३ अंशांच्या खाली असलं की डासाच्या पोटातला मलेरियाचा जंतू वाढत नाही. थंडी हीच त्यांची तटबंदी.

मग हवा तापू लागली आणि डास वर चढू लागले. आमच्या सांगलीत कृष्णेला पूर आला की माणसं सामान घेऊन वरच्या मजल्यावर जातात, मग माळ्यावर, शेवटी गच्चीवर. २०१९ मध्ये आम्ही गच्चीवर होतो, म्हणून हे अंगाला कळलं. कवाईचे पक्षी तसेच वर वर सरकले, आणि कवाईची गच्ची बुटकी आहे. बेटावरचं सर्वांत उंच टोक १,५९८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही कमी. शेजारच्या माऊईवर हालेआकाला ३,०५५ मीटर आहे, हवाई बेटावर मौना केआ ४,२०७. तिथल्या पाखरांना अजून काही मजले शिल्लक आहेत. कवाईच्या पाखरांचे संपले. २०१८ च्या सुमारास अकिकिकी साडेचारशेच्या घरात असावेत असा अंदाज होता. २०२१ मध्ये तो ४५ वर आला. २०२३ मध्ये रानात माहीत असलेले पक्षी होते पाच.

४. हा शत्रू मला अगदीच ओळखीचा निघाला. डासाची ती जात आहे क्युलेक्स क्विंकिफॅसिएटस, म्हणजे आपल्या गटारांत, तुंबलेल्या नाल्यांत, संडासाच्या टाक्यांत वाढणारा घरगुती डास. हत्तीरोगाचे जंतू वाहणारा हाच. संध्याकाळी मालिका बघताना बॅटरीच्या रॅकेटने चटचट मारायचा तोही बहुधा हाच. एक अख्खं घराणं संपवणारा प्राणी एवढा घरचा असेल अशी कल्पना नव्हती. मला कुणीतरी भव्य खलनायक हवा होता.

पुढे ओळखी वाढतच गेल्या. हिलोत भाचीच्या खिडकीबाहेर पहाटे कोण ओरडतंय म्हणून बघितलं तर साळुंकी! १८६५ मध्ये विल्यम हिलेब्रांड नावाच्या डॉक्टरांनी ती भारतातून नेली, पिकांवरच्या अळ्या खाईल म्हणून. त्याच गृहस्थांनी त्याआधी, १८५८ मध्ये, घाणेरी शोभेसाठी आणली होती. मग साळुंकीने घाणेरीची फळं खाल्ली आणि बिया बेटभर पेरल्या. दोघींचं जमलं. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला १८८३ मध्ये मुंगूस आणलं, मूळ आपल्याकडचंच, जमैकामार्गे गेलेलं. उंदीर निघतात रात्री, मुंगूस फिरतं दिवसा. त्याने उंदरांचा नाद फारसा न करता जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी खाल्ली. कवाईवर मुंगुसाने अजून बस्तान बसवलेलं नाही, तेवढं एक बरं. पण अलाकाईच्या आजूबाजूला ओहिआच्या पायाशी एक पिवळ्या फुलांचं, मंद वासाचं झाड माजलंय, आणि ते बघून मी "अगं, सोनटक्का!" म्हणून आनंदाने ओरडले. सोनटक्क्याचीच बहीण, हिमालयातून आलेली. ती इतकी दाट वाढते की खाली ओहिआचं रोप उगवायला जागा राहत नाही. भाचीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी उगाचच दिलगीर झाले, जणू त्या बोटींवर माल मीच चढवला होता.

५. पाखराला झाड लागतं, म्हणून झाडालाही पाखरू लागतच असेल, असं नाही. हे मला पचवायला सर्वांत जड गेलं. निसर्गात सगळं एकमेकांवर अवलंबून असतं, हे आपण शाळेपासून ऐकतो आणि पुढे दुसऱ्यांना ऐकवतो. अकिकिकीसाठी ओहिआ म्हणजे सगळंच आहे, त्याचं घरटं ओहिआच्या शेंड्यात, जेवण त्याच्या सालीत. ओहिआसाठी अकिकिकी कोण? फुलांत चोच घालून पराग इकडून तिकडे नेणारे अपापाने आणि इईवी, हे झाडाच्या थोड्याफार उपयोगाचे. अकिकिकी मधासाठी येतच नाही. आणि पक्षी कमी झाले तरी बाहेरून आलेल्या मधमाश्या त्या फुलांवर गर्दी करतातच. बी तर धुळीसारखं बारीक, ते वाऱ्यावर जातं, त्याला कुणाचं पोट लागत नाही. अकिकिकी उद्या पूर्ण नाहीसा झाला तर ओहिआ मोहरेल, बी सांडेल, नव्या लाव्हावर पुन्हा उगवेल.

हे मी जरा खिन्नपणे बोलून दाखवलं तेव्हा भाची म्हणाली, "तुला प्रेमकथा हवी होती, मावशी." तिचं बरोबर होतं. गंमत म्हणजे त्या झाडाची प्रेमकथा आहेच, आणि हवाईत ती सर्वांना ठाऊक आहे. ज्वालामुखीची देवी पेले ओहिआ नावाच्या तरुणावर भाळली. त्याचं मन लेहुआवर होतं. पेलेने रागाने त्याचं झाड करून टाकलं, मग इतर देवांनी दया येऊन लेहुआचं त्याच झाडावर फूल केलं. म्हणून फूल तोडलं तर प्रेमिकांची ताटातूट होऊन पाऊस येतो म्हणतात. अलाकाईत फूल तोडा की तोडू नका, पाऊस येतोच. पण त्या कथेत पाखराला जागा नाही, हे माझ्या लक्षात राहिलं. मग त्याला वाचवायचं तरी कशासाठी, असा प्रश्न उरतो, आणि त्याला मला "ते आहे म्हणून" याखेरीज उत्तर सुचत नाही. उपयोगाची उत्तरं देऊन देऊन मला त्यांची सवय झाली होती. इथे ती चालत नाहीत.

६. जे उदंड असतं ते मरताना कुणाला पटकन कळत नाही. २०१० च्या सुमारास हवाई बेटाच्या पूर्वेकडच्या पुना भागातल्या लोकांना आपल्या परसातली ओहिआची झाडं एकाएकी करपलेली दिसू लागली. आज हिरवं दिसणारं झाड काही आठवड्यांत शेंड्यापासून तपकिरी. कारण हाती लागायला २०१४ उजाडलं. बुरशी होती. २०१८ मध्ये स्पष्ट झालं की ती एक नसून दोन आहेत, आणि दोन्ही शास्त्राला तोवर अपरिचित होत्या. झाडाच्या खोडात ती पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद करते. झाडाला ती लागून महिनोन्‌महिने होतात, कधी वर्षही, तरी बाहेरून काही दिसत नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. आजवर दहा लाखांहून अधिक झाडं गेली आणि उपचार सापडलेला नाही. २०१८ मध्येच ती कवाईवरही आढळली.

बुरशी आत शिरते ती जखमेतून. कोयत्याचा घाव, वाऱ्याने मोडलेली फांदी, डुकरांनी ओरबाडलेली साल. मग खोड पोखरणारे बारीक भुंगेरे जो भुसा बाहेर टाकतात, त्यातून ती मातीत उतरते, आणि मातीतून माणसांच्या बुटांना. म्हणून रानाच्या वाटांच्या तोंडाशी ब्रश ठेवलेले असतात आणि स्पिरिटची फवारणीची बाटली. बुटांच्या खाचांतला चिखल ओणवून खरवडायचा, मग फवारायचं, मग पुढे. माझी कंबर आधीच धरलेली. मी कुरकुरले, पक्षी बघायला आलेय, बूट पॉलिश करायला नाही! भाचीने माझे बूट दुसऱ्यांदा घासायला लावले.

त्या ब्रशांपाशी ओणवले असताना मला आठवली ती गिधाडं. लहानपणी गावाबाहेर, जनावरं टाकायच्या जागेवर ती बसलेली असायची, रांगच्या रांग. पक्षी बघायला लागले तेव्हाच्या माझ्या वह्यांत तांबट आहे, धनेश आहे, नीलपंख आहे. गिधाड एकदाही नाही. गिधाडांची काय नोंद करायची? १९९० च्या दशकात ती बघता बघता संपली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या मूत्रपिंडांत जात होतं, हे सिद्ध झालं २००४ मध्ये, आणि गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरात एखादं उरली होती. दुर्मीळ पक्ष्याचा हिशेब ठेवायला संस्था असतात, माणसं असतात. मुबलकाचा हिशेब कुणाकडेच नसतो, कारण तो संपेल असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

७. वाचवण्याची रीतही दोघांची वेगळी. अकिकिकीची अंडी रानातून आणायची म्हणून माणसं हेलिकॉप्टरने दलदलीत उतरली, दहा-बारा मीटरच्या शिड्या दोरांनी उभ्या तोलून धरल्या आणि ओहिआच्या शेंड्यावरच्या घरट्यांतली अंडी उबवणीपेटीत घालून आणली. त्यांतून वाढलेले पक्षी आज मोठ्या पिंजऱ्यांत आहेत, हवाई बेटावर आणि माऊईवर. ऑगस्ट २०२३ मध्ये लहाइना जळालं त्याच दिवशी माऊईच्या डोंगरावरच्या या पक्षी-केंद्राच्या कुंपणापर्यंतही आग आली होती. तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि एका शेजाऱ्याने पाण्याच्या नळ्या आणि अग्निशामक घेऊन ती परतवली. एका जातीच्या जिवाची मदार त्या घटकेला बागेत पाणी घालायच्या नळीवर होती.

झाडाच्या बाबतीत असलं नाट्य नाही. बी गोळा करायचं, वाळवायचं, थंडीत साठवायचं. चिमूटभर बियांत हजारो झाडं. मला आधी वाटलं, झाडाचं काम सोपं आहे. नंतर वाटलं, पिंजऱ्यातल्या पाखराला परत न्यायला रान तरी उभं आहे. बियांना परत न्यायचं त्या मातीत बुरशी दबा धरून आहे. कुणाचं सोपं, हे मी ठरवू शकले नाही.

८. ओसाड झालेलं रान मुकं असेल, ही माझी समजूत अलाकाईच्या वाटेवर पोचायच्या आधीच मोडली. कोकेएच्या वनात सकाळी पाखरांचा नुसता कल्लोळ होता. मी हरखून ऐकत राहिले, मग ओळखू येऊ लागलं. हा शामा, १९३१ मध्ये कवाईवर आणलेला. हा चष्मेवाला, आपल्याकडच्या चष्मेवाल्याचा जपानी भाऊ, १९२९ मध्ये आणलेला आणि आता बेटांवर जिकडेतिकडे. गाणी गोड होती, अगदी मनापासून गोड. पाहुणे गात होते, यजमान उठून गेले होते, आणि नवख्या कानाला फरक कळायचं काही कारण नव्हतं. वर चढून गेल्यावर एक अपापाने मात्र भेटला, ओहिआच्या फुलाइतकाच लाल, फुलांत पूर्ण घुसलेला. चोच बाहेर काढल्यावरच कळलं की तो झुबका नव्हे.

९. "सरकार तिकडे डास सोडतंय" हे सांगलीला फोनवर सांगितलं तेव्हा बहीण म्हणाली, आमच्याकडेही सोडतं, फक्त बातमी देत नाही. पण हे खरं आहे. २०२३ च्या अखेरीपासून माऊईवर आणि पुढे कवाईवरही हेलिकॉप्टरमधून आठवड्याला लाखो डास सोडले जातात. सगळे नर. नर चावत नाहीत. त्यांच्या अंगात वोल्बाकिया नावाच्या जिवाणूचा असा वाण असतो की त्यांचा रानातल्या मादीशी संयोग झाला तर तिची अंडी फुटतच नाहीत. फवारणीने रानातले मूळचे किडेही मेले असते आणि अकिकिकीसारख्यांचं जेवणच गेलं असतं. ही युक्ती नेमकी एकाच जातीवर चालते. डासाने डास कमी करायचे. कवाईच्या पठारावर हे सुरू झालं तोवर अकिकिकीला रानात उशीर झाला होता. इतर पाखरांना मात्र अजून वेळ आहे.

१०. मुबलक असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे, हे सहाव्या मुद्द्यात लिहिलं. पण मुबलक असण्याचा एक मोठा फायदा आहे, आणि तो मला सर्वांत शेवटी कळला. करपलेल्या झाडांच्या पट्ट्यात मध्येच एखादं ओहिआ हिरवंगार उभं असतं. शेजारची सगळी गेली, हे का नाही? संशोधक अशा वाचलेल्या झाडांच्या बिया आणि फांद्या गोळा करतात, रोपं वाढवतात आणि मग त्या रोपांना मुद्दाम बुरशी टोचतात. बहुतेक मरतात. काही तगतात. पक्ष्यांतही असंच एक उदाहरण आहे. हवाई बेटाच्या सखल भागात अमाकिही नावाचा हिरवट पिवळा पक्षी मलेरिया अंगावर घेऊनही टिकून राहू लागला आहे. रोग त्याला होतो, पण मारत नाही. अमाकिही आधीपासून संख्येने पुष्कळ. असंख्य मेले आणि ज्यांच्यात रोग सोसण्याची काही उपजत ताकद होती ते उरले, त्यांची पिलं वाढली.

या निवडीला भरपूर जीव खर्ची पडावे लागतात. ओहिआकडे ते आहेत, लाखोंनी, घोट्याएवढे आणि पंचवीस मीटरचे, लाल फुलांचे आणि पिवळ्या, प्रत्येक थोडा वेगळा. त्यांतलं कुठलं झाड तगणारं आहे ते शोधायला वेळ आहे, आणि मधे हजारो मेली तरी शोध थांबत नाही. अकिकिकीकडे खर्ची घालायला कुणीच नाही. पिंजऱ्यातल्या मूठभर पक्ष्यांत मलेरिया सोसणारा कुणी आहे का, हे पाहायचं तर त्यांना डास चाववावे लागतील, आणि तो प्रयोग करायला कुणी धजावणार नाही. त्यांच्यासाठी डासच हटवावे लागणार, दुसरी वाट नाही. तोवर ते माऊईच्या आणि हवाईच्या पिंजऱ्यांत, डास शिरू नयेत म्हणून लावलेल्या बारीक जाळीआड, आत आणून ठेवलेल्या फांद्यांवर तुरुतुरु सरकत राहतील.